ग्रॅफाइट शाफ्ट : वजन बघायचं, अक्षर बघायचं, की हात काय म्हणतो ते?

बंकरवासी | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इथे गोल्फ खेळणारे किती आहेत कल्पना नाही, पण मागे बॅडमिंटन रॅकेटच्या धाग्यावर दोघा-तिघांनी 'आम्ही येरवड्याला जातो' असं लिहिलं होतं, त्या भरवशावर हा धागा काढतोय.

वय ५४, मुक्काम पुणे. चाळिशी उलटल्यावर खेळायला लागलो. हँडिकॅप (जितका कमी तितका खेळाडू बरा) २१, आणि तो चार वर्षं जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसलाय, हलायला तयार नाही. आयर्न्स, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, एका निवृत्त साहेबांकडून घेतलेल्या, स्टीलच्या शाफ्टच्या, दांड्यावर 'डायनॅमिक गोल्ड एस ३००' अशी पट्टी. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या कोपराला आतल्या बाजूने ठणका लागतो. डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, 'गोल्फर्स एल्बो'. मला वाटलं, बॅग बघून थट्टा करतायत. तर खरंच तसा आजार असतो.

तेव्हा आयर्न्सना ग्रॅफाइट शाफ्ट घालावेत असा विचार आहे. बाजारात गेलं की ६५ ग्रॅम, ८० ग्रॅम, ९५ ग्रॅम, आर, एस, टॉर्क, किक पॉइंट, ४० टन कार्बन, असं काय काय ऐकवतात. साडीच्या दुकानात नवऱ्याची होते तशी माझी गत होते.

दुसरं दुखणं ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं. मित्राच्या बॅगेत एक नारिंगी शाफ्ट बघितला, जीव जडला. तसलाच एक जुना ऑनलाइन घेतला. घरी आल्यावर कळलं की त्याच्या टोकाची स्लीव्ह (दांडा डोक्यात अडकवायची नळी) वेगळ्या कंपनीची, माझ्या ड्रायव्हरमध्ये बसतच नाही. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने टॉर्च लावून शेकला आणि पक्कडीने पिळून स्लीव्ह काढली. शाफ्टच्या टोकातून 'कर्र' असा आवाज आला. तो म्हणाला, काही होत नाही. पहिल्याच दिवशी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सहाव्या बॉलला ड्रायव्हरचं डोकं बॉलपेक्षा लांब गेलं.

हसा. पण हसून झाल्यावर सांगा.

चहाटळ | सोमवार, रात्री १०:०५

शाफ्ट म्हणजे दांडाच ना? मग दांडा म्हणा की. आमच्या आळीत विटीदांडूला बाभळीचा दांडा चालायचा, टॉर्क कुणी विचारला नाही. कोपर मात्र कुणाचं दुखलं नाही, डोकी फुटली.

(बसलोय. येऊ द्या.)

येरवड्याचा_पोरगा | सोमवार, रात्री ११:२०

साहेब, नमस्कार. माझे वडील कॅडी होते, मी पण शाळेच्या सुट्टीत बॅगा उचलल्या. आता नवशिक्यांना शिकवतो. दोन गोष्टी विचारतो. एक, प्रॅक्टिस मॅटवर करता का? दुसरी, मॅटखाली काँक्रीट आहे का?

आपल्याकडे बऱ्याच रेंजवर पातळ मॅट आणि खाली कोबा असतो. सात नंबरच्या आयर्नने बॉलच्या मागे लागलं तर गवतात क्लब जमिनीत शिरतो, मॅटवर तो उसळतो आणि सगळा दणका मनगट-कोपरात येतो. शाफ्ट बदलाच, पण मॅटवर आठवड्याला तीनशे बॉल मारत असाल तर ग्रॅफाइट काय, मोरपीस लावलं तरी कोपर दुखेल.

शाफ्टचं म्हणाल तर आधी वजन, मग बाकीचं. एस ३०० न कापलेला १३० ग्रॅमच्या आसपास भरतो. तो जोरात मारणाऱ्या, रोज खेळणाऱ्या माणसाचा शाफ्ट आहे. तुमच्या साहेबांना तो शोभत असेल, तुम्हाला शोभतोच असं नाही. पंधराव्या होलनंतर तुमचे बॉल उजवीकडे पडायला लागतात का बघा. हात दमले की क्लबचं डोकं मागे राहतं, तोंड उघडं राहतं. वडील याला 'ओझ्याचा स्लाइस' म्हणायचे. पहिल्या होलचा स्लाइस चुकीचा असतो, पंधराव्याचा ओझ्याचा.

बंकरवासी | मंगळवार, सकाळी ७:१५

मॅट, खाली कोबा. आठवड्याला दोनशे. आणि हो, तेराव्यापासूनच उजवीकडे.

पोरगेराव, तुम्ही माझ्या मागे उभे राहून बघत होतात का?

रेझिनवाला | मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. गोल्फ मी वर्षातून चारदा खेळतो आणि चारही वेळा वाईट, पण पोट कार्बन कॉम्पोझिटवर भरतं. म्हणून शाफ्ट आत कसा असतो तेवढं सांगतो.

ग्रॅफाइट शाफ्ट ओतीव नसतो, गुंडाळलेला असतो. कार्बनचे केसाहून बारीक तंतू शेजारी शेजारी लावून इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेली चादर येते, तिला प्रीप्रेग म्हणतात. तिचे तुकडे कापून पोलादी निमुळत्या सळईवर, म्हणजे मँड्रेलवर, सुरळीसारखे गुंडाळतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी ताणून लपेटतात, भट्टीत भाजतात, सळई ओढून काढतात, मग घासणं आणि रंग. तुम्हाला जीव जडवणारा तो नारिंगी रंग शेवटच्या पाच टक्के कामातला आहे.

सगळी गंमत चादरीच्या दिशेत असते. बांबू आठवा. उभ्या धाग्यांमुळे तो वाकताना चिवट असतो, पण कोयत्याचा एक घाव टोकावर घातला की सरळ उभा फाटत जातो, कारण आडवं धरून ठेवणारं फारसं काही नसतं. शाफ्टमध्ये सगळ्या चादरी उभ्या लावल्या तर तसंच होईल : वाकायला ताठ, पिळायला दुबळा. म्हणून आतल्या थरांत काही चादरी ४५ अंशात तिरप्या लावतात, एक डावीकडे झुकलेली, एक उजवीकडे. पट्टीवर 'टॉर्क' लिहितात तो या तिरप्या थरांचा हिशेब. मी त्याला सरळ पीळ म्हणतो. ड्रायव्हरच्या ग्रॅफाइट शाफ्टचा पीळ साधारण ३ ते ५ अंश असतो. आकडा जितका लहान, तितका शाफ्ट पिळायला कडक. पण प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत आपापली, तेव्हा एकीचा ३.५ आणि दुसरीचा ३.५ एकाच तराजूत घालू नका.

आता 'टन'. जपानी कंपन्या तंतूचा ताठपणा टनांत सांगतात, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती टन. साधा चांगला तंतू २४ टनांचा. तोरे कंपनीचा टी ७०० त्याच जातीचा, २३० गिगापास्कल (ताठपणाचंच दुसरं माप). एम ४० जे घेतला तर ३७७. ऐकायला भारी वाटतं. पण टी ७०० तुटण्याआधी २.१ टक्के ताणला जातो, एम ४० जे फक्त १.२. ताठपणा वाढवला की चिवटपणा जातो, साखरेचा पाक पुढे गेला की वडी कडक होते पण चावताना फुटते तसं. दोन्ही एकदम साधायला तोरेने टी ११०० आणला, ३२४ गिगापास्कल आणि तरी २ टक्के ताण. म्हणून महागड्या शाफ्टच्या जाहिरातीत हे नाव वारंवार दिसतं.

आणि दुकानदार '४० टनाचा शाफ्ट' म्हणतो तेव्हा पूर्ण दांडा ४० टनाच्या तंतूचा नसतो. एखादी चादर, तीही कधी कधी अर्ध्याच लांबीची. केशरी पेढ्यात केशर असतं तेवढं.

तुमच्या दुरुस्तीवाल्याने काय केलं ते आता लक्षात येईल. स्टीलचा शाफ्ट गरम करून पिळून काढता येतो. ग्रॅफाइट पिळला की तिरप्या थरांतलं रेझिन तडकतं, वरून रंग शाबूत दिसतो. तो 'कर्र' म्हणजे ते. सौम्य उष्णता देऊन सरळ रेषेत ओढायचं यंत्र असतं, त्यानेच काढायचा.

तुटका तुकडा ठेवलाय ना? टाकू नका.

चहाटळ | मंगळवार, दुपारी १:५२

पाक आणि केशरी पेढे. धागा माझ्या पातळीवर आल्याबद्दल आभार.

नाना_न्यूजर्सी | मंगळवार, रात्री ८:१० (आमची सकाळ)

रेझिनवाला, झकास प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी एडिसनजवळ राहतो, इथे फिटिंगची, म्हणजे माणूस मोजून क्लब जुळवून घ्यायची, चैन आहे. तीन वेळा करून घेतलं, तिन्ही वेळा निराळं उत्तर मिळालं, तरी सांगतो.

रंगांबद्दल. कंपन्यांनी रंगांची भाषा केलीय, पण प्रत्येकीची बोली वेगळी. फुजिकुराच्या व्हेंटसमध्ये लाल म्हणजे बॉल उंच, निळा मध्यम, काळा खाली. मित्सुबिशीच्या तेन्सेईत निळा मध्यमच, पण खाली ठेवणारा पांढरा. म्हणजे एका घरी खाली ठेवणारा काळा, दुसऱ्या घरी पांढरा. ग्राफाइट डिझाइनचा टूर एडी डीआय नारिंगी, आणि तेन्सेईतही एक नारिंगी आहे, त्याचा डीआयशी काही संबंध नाही, तो मुठीकडे वजन ठेवणारा. बंकरवासी, तुम्ही नक्की कुठल्या नारिंगीवर भाळलात?

व्हेंटस २०१९ मध्ये आला तेव्हा त्यांनी तिरप्या थरांत पिच जातीचा ७० टनाचा तंतू घातला आणि त्याला व्हेलोकोअर नाव दिलं. टोक पिळायला कडक, म्हणून बॉल मधोमध नाही लागला तरी डोकं कमी फिरतं असा दावा. मला तो पटला. पण खबरदार : नव्या ड्रायव्हरबरोबर आयता येणारा, त्याच नावाचा, तसल्याच रंगाचा शाफ्ट असतो, त्यातल्या काहींत व्हेलोकोअर नसतोच. असेल तर दांड्यावर तसं छापलेलं असतं. जुना माल घेताना आधी ते वाचा, मग रंग बघा.

फीलबद्दल मात्र मी रेझिनवाल्यांशी भांडणार. निळा व्हेंटस हातात घेतला की मधे भरीव वाटतो, तेन्सेई पांढरा मुठीजवळ लोखंडी पहारीसारखा. हे गिगापास्कलमध्ये येत नाही, ते हातालाच कळतं.

रेझिनवाला | मंगळवार, रात्री १०:३०

नाना, भांडू या.

बॉल आणि क्लबचं तोंड एकमेकांना टेकून असतात तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद. सेकंदाचा दोन हजारावा भाग. हाताला धक्का कळून मेंदूपर्यंत बातमी जाईस्तोवर बॉल केव्हाच सुटलेला असतो. म्हणजे तुम्ही ज्याला फटक्याचा फील म्हणता ती बॉल गेल्यानंतरची बातमी, उद्याच्या पेपरातली. त्यातही निम्मं काम कान करतात. कानात बोळे घालून मारून बघा, सगळे शाफ्ट चुलत भाऊ वाटायला लागतील.

आणि 'शाफ्ट चाबकासारखा बॉल फेकतो' हेही फारसं खरं नाही. खाली येताना आधी दांडा मागे वाकतो, पण बॉलजवळ येईपर्यंत डोकं पुढे गेलेलं असतं, कारण डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेत नसून बाजूला आणि मागे असतो आणि वेगामुळे तो बाहेर ओढला जाऊन रेषेत यायला बघतो. त्यामुळे तोंडाचा कोन किंचित वाढतो, बॉल उंच जातो. नरम टोकाचा शाफ्ट उंच मारतो तो एवढ्यासाठी. अंतराची मोठी जादू त्यात नाही.

येरवड्याचा_पोरगा | बुधवार, सकाळी ६:०५

रेझिनवाला सर, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण फील फटक्याच्या आधीचाही असतो. क्लब वर नेऊन खाली वळवतो त्या वेळी शाफ्ट 'भरतो' ते हाताला लागतं. ते लागलं नाही की माणूस ओढाताण करतो, लागलं की थांबतो. मी पोरांना शाफ्ट देतो तो यासाठीच, बॉल गेल्यावर काय वाटलं ते मी विचारत नाही. घाईने खाली ओढणाऱ्याला जरा कडक आणि जड, सावकाश मारणाऱ्याला नरम. वेग दोघांचा सारखा असला तरी.

रेझिनवाला | बुधवार, सकाळी ९:४०

हे मान्य. बॉलच्या आधीचा फील मी विसरलो होतो. शब्द मागे घेतो, निम्मे.

कैरीचं_पन्हं | बुधवार, दुपारी ३:१५

एक गाऱ्हाणं मांडते. खारघरला खेळते, हँडिकॅप १४. दुकानात गेले की न विचारता 'लेडीज' सेट पुढे येतो. एल फ्लेक्स (फ्लेक्स म्हणजे दांडा किती वाकतो ते, एल सगळ्यात नरम), ४५-५० ग्रॅमचा दांडा, ग्रिप गुलाबी. गेल्या वर्षी एका दुकानात मी म्हटलं, आर फ्लेक्स दाखवा. तो म्हणाला, 'मॅडम, मिस्टरांसाठी का?' मिस्टर घरी कांदे चिरत होते.

ड्रायव्हर फिरवताना माझ्या क्लबच्या डोक्याचा वेग ताशी ८६ मैल. ढोबळ हिशेबात ८५ ते ९५ ला आर सांगतात, ७५ ते ८५ ला सीनियर, त्याखाली एल. एल फ्लेक्सने मारलं की बॉल उंच उडून डावीकडे वळायचा. दोन वर्षं मी माझा स्विंग सुधारत बसले. ५५ ग्रॅमचा आर घातला, तिसऱ्या दिवशी बॉल सरळ.

तेव्हा बंकरवासी, अक्षर तुमच्या लिंगावरून, वयावरून किंवा मित्राच्या बॅगेवरून ठरवू नका. वेग मोजून घ्या.

नाना_न्यूजर्सी | बुधवार, रात्री ८:३०

ताई, कांदे चिरणाऱ्या मिस्टरांना नमस्कार सांगा.

पण त्या अक्षराचीही मजा आहे. एल, ए, आर, एस, एक्स (नरमाकडून कडकाकडे) ही अक्षरं कुणी प्रमाण ठरवून दिलेली नाहीत. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आरपेक्षा नरम निघू शकतो. खरं बघायचं तर शाफ्ट मुठीकडून पक्का धरून टोक खाली ओढून सोडायचं आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते मोजायचं. फिटिंगवाल्यांकडे त्याचं यंत्र असतं.

रेझिनवाला | बुधवार, रात्री ९:१०

यंत्र कशाला? फोनमध्ये स्लो मोशन आहे. सेकंदाला २४० फ्रेम. व्हाइसमध्ये मूठ आवळा, लाकडाच्या फळ्या लावून. दहा हेलकाव्यांना किती फ्रेम लागल्या ते मोजा, १,४४,००० ला त्या आकड्याने भागा, मिनिटाचे हेलकावे मिळतील. डोकं तेच हवं, लांबी तीच हवी, आवळायची जागा तीच हवी.

आणि तुटका तुकडा लोखंडी करवतीने ओला करून कापा. मास्क लावा, ती काळी भुकटी फुप्फुसात नको.

बंकरवासी | रविवार, दुपारी ४:५०

मंडळी, रविवार सत्कारणी लागला. बायको म्हणते, मुलाच्या दहावीच्या भूमितीला इतका वेळ दिला असता तर.

आधी तुकडा. करवतीला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. कापलेलं तोंड बारीक पॉलिश पेपरवर पाण्यात घासलं आणि तिकिटांच्या छंदातलं भिंग लावलं. काळ्या बांगडीसारखी कड, जाडी मिलिमीटरभर, आणि तिच्यात कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पुसट रेघा. मग स्क्रू ड्रायव्हर आत घालून उभा फाडला. बाहेरचा थर सरळ चिरत गेला, अगदी बांबूसारखा. आतला मात्र तिरपा सुटला, पेन्सिल शार्पनरमधून निघणाऱ्या सालीसारखा. आणि जिथे पक्कड लागली होती तिथे आतल्या थराला तिरप्या पांढरट भेगा, एकाशेजारी एक, सात-आठ. वरचा नारिंगी रंग तिथे अखंड. इतकं स्वच्छ दिसलं की दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

आता हेलकावे. नारिंगीवाल्या मित्राचा एक जादा शाफ्ट माझ्याच कंपनीच्या स्लीव्हचा आहे, 'एस' छापलेला. माझा मूळचा 'आर'. लांबी टेप लावून बघितली, सारखी. सोसायटीतल्या एकांच्या व्हाइसमध्ये पाच इंच आवळून, माझंच डोकं लावून मोजलं. माझ्या आरला दहा हेलकाव्यांना ५७० फ्रेम, म्हणजे मिनिटाला जवळपास २५३. मित्राच्या एसला ५८०. म्हणजे २४८!

तीनदा मोजलं. एस नरम, आर कडक. मित्राला कळवलं. तो म्हणाला, तुझा फोन खराब आहे. तो गेली तीन वर्षं 'मी स्टिफ वापरतो' असं सांगत हिंडतोय.

चहाटळ | रविवार, सायंकाळी ५:०२

मैत्री टिकवा. दांडे येतील-जातील.

कैरीचं_पन्हं | रविवार, सायंकाळी ६:२०

😄 वजनाचं बघितलंत का?

बंकरवासी | रविवार, रात्री ९:००

ओळखीच्या सराफाकडे काटा आहे, पण पावणेचार फुटांचा दांडा त्यावर ठेवायला तो तयार होईना, गिऱ्हाईक बघतात म्हणाला. शेवटी स्वयंपाकघरातला काटा, वर वाटी. ड्रायव्हरचे दोन्ही शाफ्ट स्लीव्ह-ग्रिपसकट आहेत, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण एकमेकांत फरक १४ ग्रॅमचा. दोन्हींवर छापलंय '६०'.

बरं, आयर्न्ससाठी दोन पर्याय समोर आहेत. यूएसटी मामियाचा रिकॉइल, ८० ग्रॅमचा. आणि एअरोटेकचा स्टीलफायबर, ९५ चा. दुसऱ्यात म्हणे कार्बनच्या दांड्यावर पोलादाचे बारीक तंतू गुंडाळलेले असतात. कुणी वापरलेत?

नाना_न्यूजर्सी | सोमवार, पहाटे ४:४०

स्टीलफायबर मी दोन मोसम वापरला. मॅट कुचरसारखा व्यावसायिक टूरवरचा माणूस तो वापरायचा, म्हणजे 'ग्रॅफाइट आयर्न फक्त म्हाताऱ्यांना' हे खरं नाही. ब्रायसन डीशॅम्बोने २०२० चं यूएस ओपन आयर्न्समध्येही ग्रॅफाइट घालून जिंकलं, आणि त्याच्या अंगात म्हाताऱ्याचं काही नाही. पोलादी तंतू बाहेरच्या अंगाला असल्यामुळे बॉल लागल्यावर स्टीलचा थोडा टणत्कार राहतो, पण दात हलत नाहीत. रिकॉइल त्याहून गोड, थोडा मुका.

१३० वरून एकदम ८० वर उडी मारू नका एवढंच सांगेन. माझ्या मेहुण्याने मारली. डोकं कुठे आहे तेच त्याला कळेना.

रेझिनवाला | सोमवार, सकाळी ९:५५

नानांचा मेहुणा खोटं बोलत नाही. दांडा ९ ग्रॅमने हलका केला की स्विंगवेट (फिरवताना डोकं हाताला किती जड लागतं त्याचं माप) साधारण एक अंकाने उतरतं. ५० ग्रॅम म्हणजे पाच-साडेपाच अंक. तुमचा क्लब आज डी २ असेल तर तो सी ७ वर येईल. हातात झाडूचा दांडा, पुढे झाडूच नाही, असं वाटेल. उपाय दोन : डोक्यात वजन घालायचं, २ ग्रॅमला एक अंक, किंवा दांडा अर्धा इंच लांब ठेवायचा, त्याने तीन अंक मिळतात. आयते ग्रॅफाइट सेट अर्धा इंच लांब येतात ते काही उगाच नाही.

आणि आयर्नचं टोक ०.३७० इंचाचं समांतर आहे की ०.३५५ चं निमुळतं, ते बघून घ्या. त्या स्लीव्हसारखं पुन्हा नको.

येरवड्याचा_पोरगा | सोमवार, दुपारी २:१०

साहेब, दोन्ही शाफ्टचे सात नंबर कुणाकडून तरी उसने आणा. तोंडावर टाल्कम पावडरचा पुसट हात फिरवा आणि प्रत्येकाने पंधरा बॉल मारा, गवतावरून. पावडरीवर बॉलचा ठसा उमटतो. अंतर बघू नका, ठसे बघा. ज्या शाफ्टने ठसे एका रुपयाएवढ्या जागेत येतील तो तुमचा. अंतर आज दहा यार्ड जास्त पडेल, उद्या कमी. ठसा खोटं बोलत नाही.

आणि सकाळी ताजेतवाने असताना मारू नका. नऊ होल खेळून या, मग मारा.

चहाटळ | सोमवार, दुपारी २:३०

अवांतर : लाकडी दांड्यांचं काय झालं? आजोबांच्या फोटोत साहेबांच्या हाती लाकडीच दिसतात.

नाना_न्यूजर्सी | सोमवार, रात्री ८:४५

हिकरी नावाचं अमेरिकन लाकूड. स्टीलला ब्रिटनच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने मान्यता दिली १९२९ मध्ये, आणि गंमत म्हणजे बॉबी जोन्सने १९३० च्या चारही मोठ्या स्पर्धा हिकरीनेच जिंकल्या. ग्रॅफाइटचा पहिला शाफ्ट फ्रँक थॉमसने १९६९ च्या सुमारास बनवला, शेक्सपिअर नावाच्या कंपनीत. नाटकाशी संबंध नाही, मासे पकडायच्या गळाच्या काठ्या करायचे ते.

चहाटळ | सोमवार, रात्री ९:००

गळ! बघा, शेवटी दांडाच.

बंकरवासी | सात आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय, माफी असावी.

पोरगेरावांच्या सांगण्याप्रमाणे नऊ होल खेळून दोन्ही सात नंबर मारले. पावडर बायकोची, तिला सांगितलं नव्हतं. ८० ग्रॅमच्या रिकॉइलचे ठसे पहिले आठ छान, मग टाचेकडे पसरत गेले, आणि दोन बॉल मी चक्क टॉप केले, म्हणजे डोक्यावरच मारले. ९५ च्या स्टीलफायबरचे पंधरापैकी अकरा ठसे एका जागी, बाकीचे चारही फार लांब नाहीत. माझी स्वतःची स्टीलची सात नंबरही मारली, तिचे ठसे अक्षतांसारखे सगळीकडे. अंतरात सगळ्यात पुढे रिकॉइलच होता, नऊ-दहा यार्डांनी. मोह झाला. पण ठसे बघितले आणि ९५ चा आर घेतला.

बसवताना या वेळी दुकानात उभा राहिलो. जुने स्टीलचे त्याने शेकून पिळून काढले, मी डोळे मिटून घेतले, पण स्टीलच ते. चार आयर्न्समध्ये २-२ ग्रॅमचं वजन टोकात घातलं. लांबी तीच ठेवली.

ड्रायव्हरला मूळचा आरच ठेवलाय. मित्र आता त्याचा 'एस' विकायला काढतोय आणि जाहिरातीत अर्थातच 'एस' लिहिणार आहे. घेणाऱ्याला २४८ चा आकडा सांग म्हटलं तर दोन दिवस फोन उचलत नाही.

कोपर : ठणका बराच कमी. पण मॅटवरचे दोनशे बॉलही बंद केलेत, तेव्हा श्रेय शाफ्टचं की कोब्याचं ते रेझिनवाल्यांनी ठरवावं. हँडिकॅप २१ चा २० झाला, एक आठवडा टिकला, पुन्हा २१.

रेझिनवाला | शनिवार, रात्री ८:१५

दोन गोष्टी एकदम बदलल्यात, आता काही सिद्ध होत नाही. पुन्हा महिनाभर मॅटवर मारा.

बंकरवासी | शनिवार, रात्री ८:२०

तुमचं कोपर देता का?

येरवड्याचा_पोरगा | रविवार, सकाळी ६:००

साहेब, पंधराव्या होलला बॉल कुठे पडतो आता?

बंकरवासी | रविवार, दुपारी १:४०

आत्ताच खेळून आलो. पंधराव्याला मधोमध पडला. सोळाव्याला डावीकडच्या झाडीत. कॅडी म्हणाला, 'सर, डावीकडे गेलेला आज पहिल्यांदाच बघितला.'

येरवड्याचा_पोरगा | रविवार, दुपारी २:०५

मग बॅग डिकीत ठेवू नका उन्हाळ्यात. इपॉक्सी तापून मऊ पडते, फेरूल (डोक्याजवळचं प्लॅस्टिकचं कडं) वर सरकतं. आणि बॅगेच्या कडेला दांडा घासतो तिथला रंग महिन्यातून एकदा बघत जा.

चहाटळ | रविवार, दुपारी २:१२

पावडरीचं वहिनींना कळलं का?

बंकरवासी | रविवार, दुपारी २:१५

काल कळलं. डबा आता कपाटात, किल्ली तिच्याकडे.